आमची वाटचाल: टेस्ट कॅसेटपासून ९९७ हर्ट्झपर्यंत

पुण्यात तापकीर गल्लीजवळ आमचं छोटं दुकान आहे, बाबांनी टेप आणि अँप्लिफायर दुरुस्तीसाठी सुरू केलेलं, आता मी आणि बहीण बघतो. हल्ली मुख्य काम म्हणजे ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारं आणि परत बाहेर आणणारं मशीन), डिजिटल मिक्सर आणि रेकॉर्डर तपासून देणं. दुरुस्तीचे पैसे समजतात पण नुसतं तपासायचे कशाला, असं बरेच जण विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

बाबांच्या वेळी टेस्ट सिग्नल म्हणजे टेस्ट कॅसेट. १० किलोहर्ट्झचा टोन लावायचा, सीआरओवर (सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र) दोन्ही चॅनल बघत बघत हेडचा स्क्रू फिरवून अझिमथ (टेपशी हेडचा कोन) जुळवायचं, मग ३१५० हर्ट्झवर स्पीड आणि वॉव फ्लटर (टेपच्या वेगातली थरथर) बघायचा. गाणं वाजवून "झाला डेक" म्हणणं त्यांना चालायचंच नाही. गाण्यात शंभर गोष्टी झाकल्या जातात, टोनमध्ये काही झाकत नाही असं ते म्हणायचे, आणि आम्ही आजही त्याच वाटेने चाललोय, फक्त सिग्नल बदलले.

डिजिटल आल्यावर लोकांना वाटायला लागलं की यात तपासायचं काय, एकतर चालतं नाहीतर बंद पडतं. तसं नाहीये. आकडे आत गेल्यावर सुरक्षित असतात हे खरं, पण आत जाताना आणि बाहेर येताना कन्व्हर्टर (आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा परत आवाज करणारा भाग) आहे, त्याचा क्लॉक (त्याला ठेका देणारा) आहे, पॉवर सप्लाय आहे, आणि यातलं काहीही थोडं बिघडलं तरी मशीन मस्त चालू राहतं, लाइट लागतात, मीटर हलतात, कोणाला पत्ता लागत नाही.

आमचा रोजचा टोन ९९७ हर्ट्झचा. सरळ १००० का नाही? तर ४८ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटला (म्हणजे सेकंदाला ४८,००० वेळा आवाज मोजताना) १००० हर्ट्झची एक सायकल बरोबर ४८ सॅम्पलमध्ये बसते, म्हणजे तेच ४८ आकडे परत परत जाणार, आणि १६ बिटमध्ये तर लेव्हलच्या ६५,५३६ पायऱ्या असतात, मग बाकीच्या कोण तपासणार? ९९७ ही मूळ संख्या, ४८००० ला तिने भाग जात नाही, त्यामुळे तेच चक्र परत यायला पूर्ण सेकंद लागतो आणि तोवर कितीतरी वेगवेगळ्या पायऱ्यांना हात लागून जातो. ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या एईएस१७ या तपासणीच्या मानकात हाच आकडा आहे. आधी हा टोन मोठ्या लेव्हलला लावून डिस्टॉर्शन (सिग्नल किती बिघडतो ते) बघतो, मग −६० डीबीला (सगळ्यात मोठ्या लेव्हलच्या ६० डीबी खाली) आणतो, टोन फिल्टरने काढून टाकतो आणि जो गोंगाट उरतो तो मोजतो, त्यावरून डायनॅमिक रेंज (सगळ्यात मोठा आवाज आणि गोंगाट यातलं अंतर) कळते. टोन मुद्दाम चालू ठेवतो, कारण काही मशीन पूर्ण शांतता दिसली की आउटपुट म्यूट करतात आणि आकडा उगाच छान दिसतो.

माझ्या मते खरी परीक्षा या हळू आवाजातच होते. एक गायिका ताई आल्या होत्या, घरीच रेकॉर्डिंग करतात, तक्रार अशी की तानपुऱ्याचा सूर विरत जाताना शेवटी किरकिर येते. माइक बदलून झाला, केबल बदलून झाली, कोणीतरी नवीन इंटरफेस घ्यायलाही सांगितला होता. आम्ही इनपुटला −९० डीबीच्या आसपासचा बारीक टोन दिला आणि रेकॉर्ड झालेली फाइल मोठी करून बघितली, तर गोल साइनच्या जागी दोन-तीन चौकोनी पायऱ्या! सॉफ्टवेअरमध्ये सेटिंग १६ बिटचं आणि डिदर (पायऱ्या मोडायला मिसळलेला अगदी बारीक गोंगाट) बंद, त्यात ताई आवाज फाटू नये म्हणून लेव्हल फार कमी ठेवायच्या आणि नंतर वाढवायच्या, म्हणजे त्या पायऱ्याही वाढायच्या. २४ बिट केलं, तोच टोन परत दिला, हलक्या हिसमध्ये गुळगुळीत साइन दिसली. इंटरफेसमध्ये काहीच दोष नव्हता, ताईंचा नव्या मशीनचा खर्च वाचला याचा आम्हाला मनापासून आनंद झाला.

बाकी टेस्ट गरजेप्रमाणे. १९ आणि २० किलोहर्ट्झ एकत्र देऊन खाली १ किलोहर्ट्झला काही उगवतंय का ते बघतो, कारण ते उगवलं की झांज आणि टाळ कर्कश लागतात. क्लॉकच्या जिटरसाठी (ठेक्यातल्या थरथरीसाठी) ऑडिओ इंजिनिअर ज्युलियन डन यांचा जे-टेस्ट, ४८ किलोहर्ट्झला त्यात १२ किलोहर्ट्झचा टोन असतो आणि सगळ्यात खालचा बिट २५० हर्ट्झने खालीवर होत असतो, जिटर असेल तर ग्राफवर टोनच्या दोन्ही बाजूला काटे उभे राहतात. हे काम बहिणीचं, तिची नजर त्यात बसलीय.

घरी करायचं असेल तर इंटरफेसचा आउटपुट चांगल्या बॅलन्स्ड केबलने त्याच्याच इनपुटला जोडा (फँटम पॉवर, म्हणजे माइकला जाणारी वीज, आणि डायरेक्ट मॉनिटरिंग, म्हणजे इनपुट सरळ आउटपुटला जाणं, दोन्ही बंद ठेवून), आरईडब्ल्यू नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं त्यातून टोन द्या, एकदा लॅपटॉपचा चार्जर लावून आणि एकदा काढून. ५०, १०० आणि १५० हर्ट्झचे (विजेच्या गुणगुणीचे) काटे चार्जर काढल्यावर खाली बसले तर मशीन उघडायची गरज नाही, आधी अर्थिंग बघून घ्या. नाही बसले तर घेऊन या, रिपोर्टची फाइल आम्ही सोबत देतो, पुढच्या वेळी त्याच्याशीच ताडून बघता येतं.