भरदुपारचे भय

परवा दुपारी बाराच्या सुमारास, घोडबंदर रस्त्यावरील आमच्या इमारतीत, मी दाराला कुलूप लावत असताना लिफ्ट न बोलावता आमच्या मजल्यावर आली. दार उघडले, आत कोणी नव्हते, बाहेर कोणी आले नाही, आणि दार मिटून लिफ्ट खाली गेली. कोणीतरी बटण दाबून कंटाळून जिन्याने गेले असणार, हे ठाऊक असूनही कुलपात किल्ली फिरवताना मी मागे वळून पाहिले नाही. दिवाळी अंकासाठी कबूल केलेली भयकथा रखडलेली असल्यामुळे, भीतीपाठोपाठ मला थोडा आनंदही झाला, हे सांगायला हरकत नाही.

भयकथेला अमावास्येची रात्र, धो धो पाऊस आणि ऐन वेळी गेलेली वीज हवीच असे संपादकांना का वाटते, कोण जाणे. माझ्या कथांत मी या तिघांनाही येऊ देत नाही. नौपाड्यातील आमच्या वाड्यात रात्रीची भीती वाटण्याची सोयच नव्हती, कारण रात्री सगळी माणसे एकाच खोलीत ओळीने घोरत असत. खरी भीती दुपारची होती. बारा वाजता विहिरीकडे फिरकायचे नाही, अशी आजीची सक्त ताकीद असे. त्या वेळी वाडा सुस्तावलेला, वाळत घातलेल्या सांडग्यांवर कावळासुद्धा बसत नसे, आणि वारा नसताना रहाटाचा दोर किंचित हलत असे. भुताला सावली नसते, हे आम्हांला पाठ होते. मुंबई-ठाण्याकडे मे महिन्याच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस सूर्य नेमका डोक्यावर येतो, आणि मग उभ्या माणसाची सावली पायांखाली नाहीशी होते. अशा वेळी विहिरीपाशी दिसलेली बाई कोणत्या जातकुळीची, हे ओळखायचे कसे?

डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्स यांच्या १९०२ सालच्या माकडाच्या पंजाच्या कथेतील मध्यरात्रीची दारावरची थाप सर्वांच्या लक्षात राहते. दार उघडते तेव्हा बाहेर रिकामा रस्ता असतो, लेखक काहीच दाखवत नाही, आणि ते कसब मोठेच आहे. मला मात्र त्या कथेतील दिवसाढवळ्या आलेला, नीटनेटक्या कपड्यांतला कंपनीचा माणूस अधिक भयंकर वाटतो. यंत्रात सापडून मेलेल्या मुलाबद्दल तो २०० पौंड देऊ करतो, आणि आदल्या रात्री बापाने पंजाकडे मागितलेली रक्कम तेवढीच असते. आकडा जुळतो, बस्स. आपल्याकडे रत्नाकर मतकरींनीही भय असेच नात्यागोत्यांच्या घरात आणून बसवले. भुयारे आणि पडके वाडे यांच्यावाचून त्यांचे फारसे अडले नाही.

शिवाय आपल्या भुतांची काहीतरी रास्त तक्रार असते, आणि नवे कथालेखक नेमकी तीच गाळतात. मुंज्या हा सोडमुंजीआधी गेलेला मुलगा. हडळ ही बहुधा बाळंतपणात गेलेली बाई. उलटी पावले आणि मोकळे केस एवढेच घेऊन तिला कथेत नाचवले, की उरते ते सोंग.

आजीची थोरली जाऊ अशीच बाळंतपणात गेली. तिने परत येऊ नये म्हणून वाटेवर राळे टाकत नेले होते. एकेक दाणा वेचल्याशिवाय तिला पुढे सरकता येत नाही आणि तोवर उजाडते, असे आजी सांगे. लिहिणाऱ्याला आणखी काय हवे? रोज रात्री वाकून दाणे वेचणारी बाई, आणि पलीकडे घरात रडणारे तिचे तान्हे मूल. संपादकांनी ही कथा ऐकताक्षणी मागितली असती. पण ते तान्हे पुढे आमचे नानाकाका झाले, आणि ते म्हातारपणीसुद्धा घरात कोणाला राळ्याची खीर करू देत नसत.