कोपर

"अहो दादा, तुम्ही मला धरू नका. मला तुम्हाला धरू द्या."

दादरच्या पुलावर, संध्याकाळच्या ऐन गर्दीत. पांढरी काठी घेतलेले एक काका जिन्यापाशी थांबलेले दिसले आणि मी न विचारता त्यांचा दंड पकडून चालायला लागलो होतो. चालायला कसला, ओढायलाच.

त्यांनी माझी पकड सोडवली. मग माझ्या कोपराच्या जरा वर बोटं ठेवली, इतकी हलकी की शर्टाला चुणीही पडू नये. "आता चला. तुम्ही अर्धं पाऊल पुढे."

जिना आला. मी "पायरी" म्हणेपर्यंत त्यांचा पाय खाली गेलेलाही होता. माझं अंग खाली झुकलं की कोपर झुकतं, त्यांना तेवढं पुरत होतं. मी उगाच बडबडत होतो.

पुढे दोघांपुरती वाटच नव्हती. "हात पाठीमागे घ्या," म्हणाले. घेतला, तर ते बरोबर माझ्या मागे, एका रांगेत.

त्यांना आठ नंबरच्या प्लॅटफॉर्मवर जायचं होतं. 2023 च्या डिसेंबरात इथले मध्य रेल्वेचे नंबर बदलले, तेव्हा पाठ केलेलं दादर पुन्हा पाठ करावं लागलं, म्हणाले. हसत.

घरी आईला रस्ता ओलांडून देताना मी नेहमी तिचं मनगट धरतो. घट्ट. ती कधी काही बोलली नाही. तुम्ही काय धरता?