अक्षरांवाचून उभी शिळा

चीनमधील शीआनला जाणारा प्रवासी मातीचे सैनिक पाहून बहुधा तेथूनच परततो. आम्ही मात्र एक दिवस राखून ठेवला आणि शहराच्या वायव्येला सुमारे ८० किलोमीटरवरील छियानलिंगला गेलो. येथे माती रचून केलेला ढिगारा नाही, लिआंगशान हा अख्खा डोंगरच समाधी आहे. त्याच्या पोटात थांग वंशाचा सम्राट गाओझोंग आणि त्याची राणी वू झेतियान यांना पुरले आहे. (पुलकेशीचा महाराष्ट्र पाहून गेलेला ह्युएन त्सांग ६६४ मध्ये वारला, तो याच गाओझोंगच्या राज्यात.) पतीच्या मृत्यूनंतर ६९० मध्ये वू स्वतःच सम्राट झाली, चीनवर त्या पदवीने राज्य केलेली ती एकमेव स्त्री.

पंख असलेले घोडे आणि शहामृग ओलांडून वर गेल्यावर दोन शिळा समोरासमोर दिसतात. पश्चिमेच्या शिळेवर वूने रचलेली पतीची प्रशस्ती आहे; पूर्वेची तिची स्वतःची शिळा मात्र कोरी उभारली गेली. आपले कर्तृत्व शब्दांत मावणार नाही म्हणून तिनेच ती कोरी ठेवली, असे काही जण सांगतात. निवाडा पुढच्या पिढ्यांवर सोपवला, असे इतर म्हणतात. तर आईविषयी काय लिहावे हेच मुलाला सुचेना, असाही एक प्रवाद आहे. शिळेवर अक्षरांसाठी आखलेल्या चौकोनांच्या खुणा आहेत, त्यामुळे मजकूर ठरला होता आणि ऐनवेळी राहून गेला, असेच मला वाटते. पुढे सोंग आणि जिन राजवटींच्या काळातील लोकांनी तिच्यावर आपापले लेख कोरले. त्यांत खितान या उत्तरेकडील भटक्या लोकांच्या लिपीतलाही एक आहे.

जवळच परदेशी पाहुण्यांचे ६१ पुतळे हात जोडल्यासारखे उभे आहेत आणि जवळजवळ सर्वांची मुंडकी गायब आहेत. हे पुतळे रात्री जिवंत होऊन पिके तुडवीत, म्हणून शेतकऱ्यांनीच ती उडवली, ही तिथली लोककथा. अभ्यासक १५५६ च्या भूकंपाकडे बोट दाखवतात. दगडी पुतळ्याची मानच सर्वांत नाजूक, हे लक्षात घेता मला ते पटते.

थांग राजवटीच्या अखेरच्या काळात बंड पुकारणाऱ्या हुआंग चाओच्या माणसांनी डोंगर खणला, पण चुकीच्या बाजूने, असे म्हणतात. त्याच्या नावाची घळ अजून दाखवतात. थांग सम्राटांच्या समाध्या लुटणारा वेन ताओ येथे आला की दर वेळी वादळ उठे, अशी आख्यायिका आहे. खरे प्रवेशद्वार सापडले ते १९५८ मध्ये, रस्त्यासाठी दगड फोडताना स्थानिक शेतकऱ्यांना. भुयारात शिळा एकीवर एक बसवून त्यांच्या फटींत लोखंड ओतलेले होते. पाहणी करून ते भुयार पुन्हा तसेच बुजवण्यात आले.