शेऱ्याचा रकाना

आमच्या स्टड फार्मच्या नोंदवहीत शेवटचा रकाना 'शेरा' या नावाचा आहे. एका डिसेंबरात एका स्टॅलियनच्या, म्हणजे पैदाशीच्या घोड्याच्या, नावासमोर मी तिथे 'सामान्य' असं लिहिलं, आणि त्या शब्दावर त्याच्या चार लेकी विकल्या गेल्या. शब्द चुकला असं कुणी म्हणालेलं नाही. बरोबर होता हेही ठरायचंय.

पुण्याजवळच्या स्टड फार्मवर काम करतो म्हटलं की लोकांना वाटतं दिवसभर घोड्यांमध्ये असतो. मी कागदांमध्ये असतो. कोणती घोडी माजावर आली हे टीझर घोडा सांगतो. कव्हर, म्हणजे घोडीला घोडा लावणं, कधी झालं, चौदा ते सोळा दिवसांनी स्कॅनमध्ये काय दिसलं, जुळं असेल तर डॉक्टरांनी एक कधी दाबून काढलं, अकरा महिन्यांनी शिंगरू कधी जन्मलं, डीएनएचा नमुना कधी गेला, हे सगळं माझ्याकडे. थरोब्रेडमध्ये, म्हणजे शर्यतीच्या घोड्यांच्या जातीत, कृत्रिम रेतन चालत नाही. प्रत्यक्ष कव्हरमधून झालेलं शिंगरूच स्टड बुकात, म्हणजे जातीच्या अधिकृत नोंदवहीत, चढतं. त्यामुळे एका स्टॅलियनला वर्षाला किती घोड्या मिळणार याला मर्यादा असते, आणि त्याचा हिशोब करायला हाताशी फार थोडी शिंगरं असतात. हे थोडेपणच आमच्या धंद्यातलं खरं दुखणं आहे.

तो घोडा मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर गाजलेला. नाव लिहीत नाही, त्याचे मालक आणि आमचे मालक एकाच स्टँडमध्ये बसतात. त्याच्या पहिल्या दोन पिकांतल्या, म्हणजे पहिल्या दोन वर्षांच्या शिंगरांतल्या, चार फिली (तरुण घोड्या) आमच्याकडे होत्या, शर्यतीतून नुकत्याच निवृत्त झालेल्या. फेब्रुवारीत कव्हरचा हंगाम सुरू व्हायचा होता. त्यांना पैदाशीसाठी ठेवायचं की विकायचं, यावर संध्याकाळपर्यंत एक पान हवं होतं. थोरले मालक म्हणाले, "खाण तशी माती, ठेवा." धाकटे मालक परदेशात शिकून आलेले, त्यांचं म्हणणं उलटं. "काका, चॅम्पियन चॅम्पियन देत नाही. सेक्रेटेरिएट तरी कुठे चालला?"

सेक्रेटेरिएट म्हणजे अमेरिकेतला शर्यतीचा दंतकथा झालेला घोडा, आणि हे वाक्य मी वीस वर्षं ऐकतोय. म्हणणाऱ्याने सेक्रेटेरिएटचे आकडे कधी उघडलेले नसतात.

म्हणून त्या दिवशी मी आमच्या घोड्याची फाइल बाजूला ठेवून आधी त्याची काढली. १९७३ ची अमेरिकन ट्रिपल क्राउन, म्हणजे केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट या तिन्ही शर्यती. बेलमाँट ३१ लेंग्थने (एक लेंग्थ म्हणजे घोड्याच्या अंगाची लांबी) आणि २ मिनिटं २४ सेकंदांत, तो विक्रम अजून तसाच आहे. एकवीस शर्यती, सोळा विजय. त्याच्या वयाच्या तिसऱ्या वर्षाचा हंगाम सुरू व्हायच्या आधीच, फेब्रुवारीत, केंटकीच्या क्लेबोर्न फार्मच्या सेथ हॅनकॉकने त्याचं सिंडिकेट जमवलं: ३२ हिस्से, प्रत्येकी १ लाख ९० हजार डॉलर, एकूण ६० लाख ८० हजार. त्या वेळचा विक्रमच. बाप बोल्ड रूलर आठ वेळा अमेरिकेचा आघाडीचा सायर, म्हणजे शिंगरांच्या कमाईत पहिला आलेला बाप. कागदावर याहून भक्कम घोडा दाखवा.

पहिली परीक्षा मात्र कागदावर होत नाही. वीर्यतपासणीत काही अपरिपक्व पेशी दिसल्या आणि सिंडिकेटवाल्यांची झोप उडाली. मग थरोब्रेड नसलेल्या घोड्या आणून चाचणी घेतली. लिओला नावाच्या अ‍ॅपलूसा घोडीला गर्भ राहिला आणि नोव्हेंबर १९७४ मध्ये फर्स्ट सेक्रेटरी जन्मला. चाचणीच्या घोड्या थरोब्रेड का नव्हत्या, असं लोक विचारतात. कारण साधं आहे: लाखमोलाच्या घोडीचा हंगाम चाचणीत वाया कोण घालवील? ही पायरी किती महाग पडते ते सिगारने दाखवलं. लागोपाठ सोळा शर्यती जिंकलेला घोडा १९९७ मध्ये पैदाशीला लावला, ३४ घोड्या दाखवल्या, एकही गाभण राहिली नाही. अडीच कोटी डॉलरचा विमा होता म्हणून निभावलं. आपल्याकडे अजूनही कितीतरी जण स्टॅलियन घेताना वंशावळीचं पान फ्रेम करून लावतात, पण आधीच्या हंगामात किती घोड्या दाखवल्या आणि किती गाभण राहिल्या हा साधा आकडा मागत नाहीत.

दुसरी परीक्षा बाजाराची, आणि ती सर्वांत खोटी. १९७६ च्या जुलैत कीनलँडच्या लिलावात सेक्रेटेरिएटचा एक ईअरलिंग (वर्षाचं शिंगरू), कॅनेडियन बाउंड, १५ लाख डॉलरला गेला. दहा लाखांच्या वर विकलेला तो जगातला पहिला ईअरलिंग. त्याची आई चार्मिंग अ‍ॅलिबाय, म्हणजे डालिया या नामांकित शर्यतीच्या घोडीची आई. शर्यतीत तो साफ फसला. 'सेक्रेटेरिएट चालला नाही' या वाक्याचा जन्म बहुधा तिथलाच. एका शिंगराला लोकांनी अवाच्या सवा पैसे मोजले यात बापाचा काय दोष? पण लिलावातला भाव आणि पैदाशीतलं यश यांची गल्लत आपल्याकडे दर वर्षी होते.

तिसरी परीक्षा हिशोबाची. इथे मी थोडा वेळ घेतो, कारण घोळ इथेच होतो.

सेक्रेटेरिएटची नाव नोंदवलेली शिंगरं साडेसहाशेच्या आसपास. त्यातली निम्म्याहून थोडी जास्त जिंकली. स्टेक्स, म्हणजे वरच्या दर्जाच्या शर्यती, जिंकणारे पन्नासहून अधिक, म्हणजे साधारण आठ टक्के. सगळ्या जातीची सरासरी धरली तर शंभरात तीनेक स्टेक्स विजेते निघतात, दहाच्या वर गेलेल्या स्टॅलियनला लोक डोक्यावर घेतात. आठ टक्के वाईट नाही. पण शेजारी नॉर्दर्न डान्सर ठेवा: शिंगरं जवळपास तेवढीच, स्टेक्स विजेते बावीस-तेवीस टक्के. तुलना कुणाशी करता यावर सेक्रेटेरिएट यशस्वी की अपयशी हे ठरतं, आणि लोक ती नेहमी त्याच्या स्वतःच्या ३१ लेंग्थशी करतात.

टक्केवारी काढताना भागायचं कशाने हे आधी ठरवावं. जन्मलेल्या शिंगरांनी, नाव नोंदलेल्यांनी की प्रत्यक्ष धावलेल्यांनी? धावलेल्यांनी भागलं की आकडा आपोआप फुगतो, कारण पाय खराब झालेली, न धावताच घरी परतलेली शिंगरं हिशोबातून गळतात. जाहिरातींत नेमका तोच आकडा असतो. दुसरं म्हणजे सरासरी. दहा शिंगरांनी मिळून शंभर रुपये कमावले आणि त्यातले सत्तर एकट्याने, तर सरासरी दहा दिसते, उरलेल्या नऊंच्या वाट्याला जेमतेम सव्वातीन येतात. म्हणून सर्वांत वरचा एक काढून पुन्हा भागून बघावं. भारतात आणखी एक गोम आहे: प्रत्येक रेस क्लबची बक्षिसं वेगळी. मुंबईची कमाई आणि छोट्या केंद्रावरची कमाई एकाच बेरजेत घातली तर घोडा नाही, केंद्र मोजलं जातं.

सगळ्यांत उपयोगी जोडी म्हणजे एईआय (सरासरी कमाईचा निर्देशांक) आणि सीआय (तुलनेचा निर्देशांक). पहिल्यात स्टॅलियनच्या शिंगरांची कमाई त्या वर्षीच्या सरासरी घोड्याशी ताडतात, सरासरी म्हणजे १.००. दुसऱ्यात त्याच घोड्यांनी इतर स्टॅलियनांपासून दिलेल्या शिंगरांचा तोच आकडा. पहिला दुसऱ्यापेक्षा मोठा असेल तर स्टॅलियनने आईच्या दर्जात भर घातली. लहान असेल तर आईनेच त्याला तारलं. सेक्रेटेरिएटचं खरं ओझं हेच. त्याच्याकडे जगातल्या उत्तमोत्तम घोड्या आल्या. डालियाच्या आईने दिलेलं शिंगरू चांगलं निघालं तर श्रेय आईचं, वाईट निघालं तर खापर बापाच्या माथी. आमच्या घोड्याची गत उलटी होती. त्याला मिळालेल्या बहुतेक घोड्या त्याच्यापासूनच पहिल्यांदा व्यायलेल्या होत्या. ज्या घोडीचं दुसऱ्या कुणापासून शिंगरूच नाही, तिचा सीआय काढणार कशावरून? आकडा छापला होता खरा, पण त्याच्याखाली जमीन नव्हती.

आता चौथी परीक्षा, म्हणजे वेळ. मराठीत म्हणतात घोडामैदान जवळच आहे. पैदाशीत ते फार लांब असतं. आपली इंडियन डर्बी फेब्रुवारीच्या सुरुवातीला, चार वर्षांच्या घोड्यांची, कारण सगळ्या घोड्यांचा वाढदिवस १ जानेवारीला. म्हणजे आज कव्हर झालेल्या घोडीचं शिंगरू डर्बीत दिसायला जवळपास पाच वर्षं. हा झाला मुलांचा निकाल. लेकींचा निकाल लागायला त्यांनी आधी धावायचं, मग व्यायचं, मग त्यांच्या शिंगरांनी धावायचं, की गेली दहा-बारा वर्षं.

सेक्रेटेरिएटच्या तारखा एका रेघेत मांडल्या तर हे डोळ्यांत भरतं. पहिलं पीक १९७५. दुसऱ्या पिकातला जनरल असेम्ब्ली १९७९ मध्ये ट्रॅव्हर्स शर्यत जिंकला. त्याची लेक लेडीज सीक्रेट १९८६ ची अमेरिकेतली हॉर्स ऑफ द इयर. मुलगा रायझन स्टारने १९८८ मध्ये प्रीकनेस आणि बेलमाँट घेतली. ४ ऑक्टोबर १९८९ रोजी, खुरांच्या लॅमिनायटिसमुळे, एकोणिसाव्या वर्षी सेक्रेटेरिएटला संपवावं लागलं. १९९० मध्ये त्याच्याच किंग्स्टन रूलने मेलबर्न कप विक्रमी वेळेत मारला. आणि १९९२ मध्ये, मरून तीन वर्षं झाल्यावर, सेक्रेटेरिएट उत्तर अमेरिकेत लेकींच्या शिंगरांच्या कमाईवर पहिला आला.

कारण तीन लेकी. वीकेंड सरप्राइजने समर स्क्वॉल आणि ए. पी. इंडी दिले, टर्लिंग्वाने स्टॉर्म कॅट, सीक्रेटेमने गॉन वेस्ट. स्टॉर्म कॅटची एका कव्हरची फी पुढे पाच लाख डॉलरवर गेली. ए. पी. इंडीचा बाप सिॲटल स्ल्यू, स्टॉर्म कॅटचा स्टॉर्म बर्ड, गॉन वेस्टचा मिस्टर प्रॉस्पेक्टर. तिघांचे बाप वेगळे, आईकडचा आजा एकच. त्याच्या मुलग्यांची गादी फारशी चालली नाही, पण २०१५ चा अमेरिकन फेरो आणि २०१८ चा जस्टिफाय, दोघेही ट्रिपल क्राउनवाले, स्टॉर्म कॅटमार्गे त्याचंच रक्त घेऊन आले.

लेकींमधूनच का, याचं एक गोड उत्तर सगळ्यांना पाठ असतं. त्याचं हृदय २२ पौंडांचं, म्हणजे दहा किलोचं होतं, त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर होतं, आणि घोडा एक्स फक्त लेकीला देतो. शेवटचा भाग शाळेतल्या जीवशास्त्राइतका पक्का. मधला सिद्ध झालेला नाही. आणि पहिल्या भागाची गंमत अशी की ते हृदय कुणी तोललंच नाही. शवविच्छेदन करणाऱ्या डॉ. स्वर्चेक यांनी पुढे शॅमचं, म्हणजे १९७३ मधल्या त्याच्या प्रतिस्पर्धी घोड्याचं, हृदय तोललं, ते १८ पौंड भरलं, आणि त्यावरून सेक्रेटेरिएटचा अंदाज बांधला. साधं हृदय चार किलोच्या आसपास असतं, त्यामुळे अंदाज थोडा चुकला तरी ते प्रचंडच. पण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा तो आकडा तराजूवरचा नाही. शिवाय त्या लेकी चांगल्या घरच्या होत्या हेही विसरू नये. टर्लिंग्वाची आई क्रिमझन सेंट स्वतः विजेसारखी पळणारी.

एवढं सगळं वाचून मी आमच्या फाइलकडे वळलो तेव्हा चार वाजले होते. आमच्या घोड्याची दोन पिकं धावून झाली होती. जिंकलेल्यांचं प्रमाण ठीक, मोठी शर्यत कुणी घेतली नव्हती. वरचा एक काढल्यावर सरासरी खाली आली. मी 'सामान्य' लिहिलं आणि सही केली. धाकटे मालक म्हणाले, "बघा, म्हटलं नव्हतं?" थोरले काही बोलले नाहीत. ते त्यांच्या लाडक्या रझीनची आठवण काढतील असं वाटलं होतं. १९९० च्या एप्सम डर्बीत फेव्हरिट म्हणून उतरून मागे राहिलेला, आणि भारतात येऊन वर्षानुवर्षं चॅम्पियन सायर झालेला. त्याच्या नावासमोर डर्बीच्या दुसऱ्या दिवशी कुणी काय शेरा लिहिला असता?

जी गोष्ट मी त्या दिवशी केली नाही ती जानेवारीत, घोड्या ट्रकमध्ये चढल्यावर केली. नर आणि माद्या वेगळ्या रकान्यांत मांडल्या. दिवसभर सेक्रेटेरिएटच्या लेकींबद्दल वाचलं आणि आमचा तक्ता मात्र सगळे एकत्र धरून केला, याला घाई म्हणावं की मूर्खपणा, तुम्ही ठरवा. वेगळं केल्यावर माद्या नरांपेक्षा बऱ्या दिसल्या. पण अकरा माद्या. अकरावर सिद्धांत उभारणाऱ्यांना मी आयुष्यभर हसलोय, त्यामुळे मालकांना तो कागद दाखवला नाही. दाखवायला हवा होता का, हे अजून कळत नाही. आमच्याकडे तबेल्याच्या जागा मोजक्या, व्यायलेल्या घोडीला दाणा, सायस, डॉक्टर, सगळं धरून खर्च मोठा. चार घोड्यांवर दहा वर्षं वाट बघायची ऐपत क्लेबोर्नला असते.

चौघींपैकी तिघींची पहिली शिंगरं आता ईअरलिंग आहेत, एक बंगळुरूकडे, दोन हैदराबादकडे. पुढच्या नोव्हेंबरनंतर धावायला लागतील. त्यांची नावं मी वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवली आहेत. पुढच्या पानावरचा 'सामान्य' शाईत आहे. तो खोडता येतो, पण खोडल्यावर शेजारी तारीख आणि सही लागते.