आत्याची जाळीची पर्स

आत्या गेल्यानंतर कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या तिच्या घरातली लोखंडी ट्रंक आम्ही उघडली, तेव्हा साड्यांच्या घड्यांखाली मलमलीत गुंडाळून ठेवलेली एक लहानशी पर्स निघाली. तळहाताहून थोडी मोठी, वर दोन गोळ्यांचा खटका, खाली टोकदार झालर, आणि सगळे अंग धातूच्या जाळीचे. तिच्या यजमानांच्या मुंबईच्या एका मित्राने ती भेट दिली होती, एवढेच घरात सांगत असत. हातात घेतली की आधी ती गार लागते आणि मिनिटभरात हाताची ऊब धरते. टेबलावर ठेवली की चिमूटभर जागेत गोळा होऊन बसते. खटका उघडून पाहिले, तर चौकटीच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरांत ‘व्हाइटिंग अँड डेव्हिस’ असा ठसा होता. त्या दिवसापासून मी या पर्सांचा इतिहास जमेल तसा वाचत आले आहे.

ही कंपनी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या प्लेनव्हिल या गावची. 1876 मध्ये दागिन्यांचा कारखाना म्हणून ती सुरू झाली. त्याच कारखान्यात पोरवयात कामाला लागलेल्या चार्ल्स व्हाइटिंग यांनी 1892 मध्ये जाळीची पर्स घडवली आणि पुढे कंपनीला त्यांचेही नाव लागले. सुरुवातीच्या काळात जाळी हातानेच विणली जाई. आसपासच्या घरांतल्या बायका कारखान्यातून कड्या घरी आणीत आणि चिमट्याने एकेक कडी दुसरीत अडकवून मोजणीवर मजुरी घेत. हे वाचताना मला हुपरी आठवल्यावाचून राहिली नाही. कोल्हापूरपासून जवळच असलेल्या त्या गावात चांदीचे पैंजण आणि साखळ्या घडतात, आणि कारखान्याचे कितीतरी काम घरांच्या सोप्यात बसून पुरे होते. पुढे 1909 मध्ये जाळी विणणाऱ्या यंत्राचे पेटंट निघाले, कामाचा वेग वाढला, आणि श्रीमंतांच्या हातातली वस्तू दुकानात काम करणाऱ्या मुलीलाही परवडू लागली.

आत्याची पर्स कड्यांच्या जाळीची नाही. तिला चपट्या पत्र्यांची जाळी आहे. भिंगाखाली धरली तर अधिक चिन्हासारखे चार हातांचे छोटे छोटे पत्रे दिसतात. प्रत्येक हात मागच्या बाजूला दुमडून एका बारीक कडीला धरून ठेवलेला असतो, म्हणजे चार पत्र्यांच्या मध्ये एक कडी. झाळकाम कुठेच नाही. चिलखताला ‘आर्मर’ म्हणतात, त्यावरून या जाळीला ‘आर्मर मेश’ हे नाव पडले. चपट्या पत्र्यांमुळे रंग द्यायला सलग पृष्ठभाग मिळाला, आणि 1920 च्या दशकात या पर्सा चित्रासारख्या रंगवल्या जाऊ लागल्या. आमच्या पर्सवर निळ्या आणि केशरी पायऱ्यापायऱ्यांची नक्षी आहे, तिच्या कडेला काळी रेघ. बारीक कड्यांच्या जाळीवर छापलेल्या, कडा विरघळल्यासारख्या दिसणाऱ्या रंगांच्या प्रकाराला ‘ड्रेस्डेन’ म्हणत. मला स्वतःला पत्र्यांची जाळीच अधिक आवडते, कारण तिच्यात घडणावळ लपून राहत नाही.

पण बाईच्या हातात पर्स आली कशी, हे समजून घ्यायचे तर कपड्यांकडे पाहावे लागते. युरोपात अठराव्या शतकात बायकांचे खिसे परकराखाली कमरेला नाडीने बांधलेले असत. शतक सरताना झगे पातळ आणि अंगासरशी झाले, खिशाचा फुगवटा दिसू लागला, आणि खिशातले सामान नाडीच्या छोट्या बटव्यात जाऊन तो बटवा हातात आला. 1920 च्या दशकात झगा गुडघ्यापर्यंत वर गेला, कंबर सैल झाली, केस आखूड झाले. मुली संध्याकाळी नाचायला बाहेर पडू लागल्या आणि त्यांना पावडरची डबी, लिपस्टिक आणि थोडे पैसे मावतील एवढीच पर्स हवी होती. झग्यावर मणी चमकत, मनगटावर जाळी चमके. अमेरिकेत बायकांना देशभर मताचा हक्क देणारी घटनादुरुस्ती 1920 ची आहे, आणि या दोन गोष्टी मला वेगवेगळ्या वाटत नाहीत.

आमच्याकडेही हेच घडले, फक्त वेगळ्या वाटेने आणि थोडे उशिरा. माझी आजी नऊवारी नेसायची. तिचे पैसे कनवटीला, किल्ल्या कमरेच्या चांदीच्या छल्ल्याला, आणि पानसुपारी चंचीत. भवानी मंडपापासून महाद्वार रोडपर्यंत ती रिकाम्या हातांनी बाजार करी, कारण तिचे लुगडेच तिची पिशवी होते. आत्या शिक्षिका झाली, सहावारी गोल साडी नेसू लागली, आणि त्या साडीला पैसे खोचायला तशी कनवटच उरली नाही. तिच्या पगाराला हातात जागा लागली. रोजच्या शाळेसाठी तिच्याकडे चामड्याची पर्स होती; जाळीची मात्र फक्त लग्नकार्याला निघे, आणि तिचा खटका मिटल्याचा ‘टक’ असा आवाज मला अजून ऐकू येतो.

तिकडे 1930 नंतर पर्सा मोठ्या होत गेल्या. पॉल प्वारे आणि एल्सा स्कियापरेली यांच्यासारख्या पॅरिसच्या नामवंत फॅशन डिझायनरांनी या कंपनीसाठी पर्सांचे नमुने केले, पण दुसऱ्या महायुद्धात धातू युद्धाच्या कामी लागला आणि जाळीच्या पर्सा थांबल्या. युद्धानंतर त्या परतल्या त्या बहुतेक सोनेरी-रुपेरी, रंगांशिवाय. त्याच कंपनीने पुढे जाळीचे हातमोजेही केले आणि त्यांनी मांस कापणाऱ्या कामगारांच्या बोटांचे रक्षण केले, हे वाचून मला फार बरे वाटले.

एक चूक माझ्या हातून झाली, ती सांगायलाच हवी, म्हणजे दुसऱ्या कुणाची पर्स वाचेल. काळवंडलेली चौकट पाहून मी ती एका दुकानात उजाळा द्यायला दिली. त्यांनी अख्खी पर्सच द्रावणात बुडवली, आणि एका कोपऱ्यातली निळी नक्षी निघून खालचा धातू उघडा पडला. रंगीत जाळीला द्रावण लावायचे नसते. कोरड्या मऊ कापडाने हलकेच पुसायचे, आणि टांगून न ठेवता सपाट ठेवायचे, कारण स्वतःच्याच वजनाने जाळी ताणली जाते.

खालच्या झालरीतले चार पत्रे सुटले होते. ते घेऊन मी हुपरीला एका वयस्क कारागिराकडे गेले. त्यांनी पर्स उलटी करून बराच वेळ मागची बाजूच पाहिली, मग टोकदार चिमट्याने एकेक हात उघडला, कडी आत घेतली आणि हात परत दुमडला. एक पत्रा हरवलेला होता. त्या जागी पितळेचा कापून बसवला आणि त्याला रंग द्यायचा का, असे त्यांनी विचारले. मी नको म्हणाले. त्या झालरीत तो पिवळा पत्रा आता वेगळा ओळखू येतो.