कुऱ्हाडीतला र

सकाळी लॅपटॉप उघडला तर तक्रारींची दोन टिकिटं येऊन पडलेली. पहिलं : 'अर्ज क्रमांक, जन्मतारीख, नाव सगळं बरोबर टाकतोय, तरी नाव जुळत नाही असं येतं.' दुसरं : 'अभिप्रायात आई-बाबा-मूल असा एकच इमोजी टाकला, सेव्ह केल्यावर तीन सुटे चेहरे झाले.' दुसरं वाचून मी हसलो, त्याला सगळ्यात खालची प्रायॉरिटी दिली आणि पहिल्याला हात घातला. दोन्हींचं दुखणं एकच आहे हे कळेपर्यंत दुपारचे तीन वाजले.

आदल्या संध्याकाळीच आम्ही रिलीज केलं होतं. अर्ज भरून घेणारी प्रणाली. माणूस एकदा नोंदणी करतो आणि पुढच्या वेळी क्रमांक, तारीख, नाव टाकून आत येतो. नाव नोंदणीत आहे अगदी तसंच हवं, काना-मात्रेसकट. (हा नियम मला पहिल्या दिवसापासून पटलेला नाही. पण मागणीपत्रात तो होता, आणि वाद घालायचा तेव्हा मी कंटाळा केला.) अर्जांची मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संपत होती.

दहा वाजेपर्यंत तशाच सात तक्रारी झाल्या. मग सपोर्टच्या ताईंचा फोन आला.

"अरे, तुम्ही लोकांची नावं चुकीची छापताय."

"कुठे?"

"त्या लाल मेसेजमध्ये. कुर्हाडे असं येतंय. र पार डोक्यावर चढलाय."

"ताई, तो फाँटचा प्रॉब्लेम असेल. लॉगिनचं मी बघतोय."

देवनागरी वेडीवाकडी दिसली की 'फाँटचा प्रॉब्लेम' हे आमचं ठरलेलं उत्तर. बहुतेक वेळा ते खरंही निघतं, म्हणून तर सवय लागते. ताईंनी 'बरं' म्हणून फोन ठेवला. त्यांचं 'बरं' पटलेलं नव्हतं, आणि ते मला कळलंही होतं.

मी चाचणीच्या सर्व्हरवर कुऱ्हाडे नावाची नोंदणी केली, बाहेर पडलो, पुन्हा नाव टाइप केलं. झक्कपैकी आत गेलो. पाच वेळा करून बघितलं, पाचही वेळा आत. टीमचा लीड मागे उभा होता. "म्हणजे तुझ्या मशीनवर चालतंय," तो म्हणाला. हे वाक्य मी आजवर इतक्यांना ऐकवलंय की त्याला उलटून काही बोलायची सोय नव्हती.

लॉग, म्हणजे सर्व्हरने ठेवलेल्या नोंदी, बघितले. लॉग मी टर्मिनलवर बघतो, आणि टर्मिनल म्हणजे चौकटीची वही : एका घरात एक अक्षर. देवनागरी काही घरात गुपचूप बसणारी लिपी नाही. वेलांटी एकीकडे, उकार दुसरीकडे, जोडाक्षराच्या जागी सुटा हलन्त. इतकी वर्षं हे बघून बघून माझ्या डोळ्यांनी टर्मिनलवरचं मराठी वाचणंच सोडून दिलंय. नाव आहे एवढं दिसतं, काय आहे ते मी वाचत नाही. ताईंना ब्राउझरमध्ये जो र डोक्यावर दिसत होता, तो माझ्यासमोर त्याच क्षणी होता. फक्त तिथे सगळीच अक्षरं विस्कटलेली असल्यामुळे हे एक वेगळं का विस्कटलंय, असा प्रश्न पडलाच नाही.

शेवटी टाइप करणं सोडलं आणि तक्रारदाराच्या नोंदीतलंच नाव जसंच्या तसं कॉपी करून पेस्ट केलं. लगेच लाल मेसेज. डोळ्यांना दोन्ही नावं सारखीच, पण एक चालतं आणि दुसरं चालत नाही. निदान बिघाड हातात तरी आला. दर वेळी हमखास घडवून आणता येणारा बिघाड म्हणजे निम्मं काम.

आता गिट बायसेक्ट. मागच्या रिलीजपासून या रिलीजपर्यंत १८० च्या आसपास कमिट, म्हणजे कोडमधले नोंदवलेले बदल, होते. बायसेक्ट दर खेपेला मधला कमिट काढून विचारतं, इथे चालतंय की बिघडलंय? उत्तर दिलं की निम्मे बाद. आठ फेऱ्यांत नेमका गुन्हेगार हातात. आमच्याकडे एका फेरीला बिल्ड आणि चाचणी धरून सहा मिनिटं लागतात. पाऊण तास मी नुसती फिरणारी चकती बघत बसलो.

निघालेला कमिट एका ओळीचा होता. 'भरलेल्या मजकुरातली अदृश्य अक्षरं काढून टाकली.' लिहिणारा आमच्यातला नवा मुलगा, रिव्ह्यूला मी. खाली माझी कॉमेंट : 'छान, हे हवंच होतं.'

आणि खरंच हवं होतं. लोक चॅटमधून, पीडीएफमधून नाव उचलून चिकटवतात, त्याबरोबर शून्य रुंदीची स्पेस येते. दिसत काहीच नाही, पण नावं जुळत नाहीत. त्यावर हा उपाय : युनिकोडच्या, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या तक्त्यातल्या, २००बी ते २००डी आणि एफईएफएफ या क्रमांकांची अक्षरं सापडली की उडवायची. ही ओळ त्याच्या मनची नव्हे. थोड्याफार फरकाने ती जगभरच्या कोडमध्ये फिरते आहे, मीही पूर्वी कुठेतरी चिकटवली असेल. ती पुन्हा चार वेळा वाचली. अदृश्य अक्षरं काढल्याने कुणाचं काय बिघडणार? जे दिसतच नाही ते गेल्याने नाव कसं बदलेल?

मग हेक्स डंप काढला, म्हणजे नावामागचे कच्चे बाइट. सुरुवातीलाच हे करायला हवं होतं. नोंदीतलं नाव २७ बाइटचं, आत आलेलं २४ चं. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट खातं, म्हणजे नेमकं एक चिन्ह गळालं होतं. एकाखाली एक ठेवून वाचत गेलो. क, उकार, र, हलन्त. इथपर्यंत दोन्ही सारखे. पुढे नोंदीत ई२ ८० ८डी, मग ह. आत आलेल्या नावात हलन्तानंतर थेट ह.

ई२ ८० ८डी म्हणजे २००डी. झीरो विड्थ जॉइनर. हा स्वतः दिसत नाही, शेजाऱ्यांनी कसं दिसायचं ते ठरवतो. र, हलन्त, ह असं नुसतं लिहिलं तर नियमाने रफार होतो आणि र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. मध्ये हा जॉइनर आला तर र खालीच राहतो, कुऱ्हाडीतला आडवा र होतो. आई-बाबा-मूल यांना एका चित्रात बांधणाराही हाच. तो काढला की कुटुंबाचे तीन चेहरे सुटे. सकाळी ज्या टिकिटाला हसलो होतो ते दुसऱ्या टॅबमध्ये उघडंच होतं.

मग माझं टाइप केलेलं नाव का चाललं? मी इनस्क्रिप्ट कीबोर्डवाला. तिथे शिफ्ट धरून जे दाबलं की ऱ हे वेगळंच अक्षर उमटतं, युनिकोडच्या तक्त्यात ०९३१ क्रमांकाचं. त्यापुढे हलन्त आणि ह दिला की जॉइनरशिवाय ऱ्ह होतो. (या रूपाला इंग्रजीत आयलॅश र म्हणतात, पापणीचा र. आपल्याला शाळेत कुणी इतकं गोड नाव सांगितलं नाही.) म्हणजे एकाच दिसण्याची दोन लिखाणं. कुठलं उमटणार ते कीबोर्डवर. ज्यांच्या कीबोर्डने जॉइनर घातला होता, तेवढेच बाहेर अडकले होते.

ताईंना फोन केला. "ताई, फाँट नव्हता."

"मी कुठे म्हटलं होतं फाँट?" त्या म्हणाल्या.

लीडने रोलबॅकचं विचारलं. या रिलीजमध्ये डेटाबेसचे तक्तेही बदलले होते, मागे जाणं पुढे जाण्यापेक्षा धोक्याचं होतं. त्या ओळीतून जॉइनर वगळला, पाच मिनिटांचं काम. पण तेवढ्याने भागणार नव्हतं : वर्षभरापूर्वी एका कीबोर्डवरून नोंदणी केलेला माणूस उद्या दुसऱ्यावरून येईल आणि पुन्हा दारातच थांबेल. मला वाटलं, नॉर्मलायझेशन लावू, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी लिखाणं एका साच्यात आणू, युनिकोडने त्यासाठीच तर ते केलंय. त्यातला एनएफसी हा प्रकार लावला, चाचणी लालच. र आणि खालचा नुक्ता असं कुणी लिहिलं असेल तर एनएफसी त्याचा ऱ करून देतं. जॉइनरवाल्या र चं मात्र त्याला सोयरसुतक नाही, युनिकोडच्या लेखी ती दोन लिखाणं वेगळीच. शेवटी स्वतःचा नियम लिहिला : जुळवण्याआधी र-हलन्त-जॉइनर दिसलं की त्याचं ऱ-हलन्त करायचं, दोन्हीकडे. आणि चाचण्यांत कुऱ्हाडे, बोऱ्हाडे, दऱ्या, दर्या घातले. तोवर आमच्या चाचण्यांतली सगळी नावं इतकी साधी होती की त्यांत एक जोडाक्षर शोधून सापडलं नसतं. म्हणूनच तर त्या हिरव्या होत्या.

पाचला दुरुस्ती प्रॉडक्शनवर गेली. अडकलेले लोक आत यायला लागले.

राहिली ती रात्रभरात आणि दिवसभरात झालेली नवी नोंदणी. ज्यांनी जुनं नाव बदललं होतं त्यांचं मूळ रूप बॅकअपमध्ये होतं. पण पहिल्यांदाच आलेल्यांच्या नावातला जॉइनर आम्ही दारातच काढून घेतला होता, आणि तो कुठेही लिहून ठेवलेला नव्हता. नवा मुलगा म्हणाला, "सर, सगळ्या र्ह, र्य चं ऱ्ह, ऱ्य करून टाकू? एक क्वेरी." तो बिचारा सकाळपासून पांढराफटक पडला होता, काहीतरी भरपाई करायची होती त्याला. मी त्याला ऐश्वर्या आणि सूर्यवंशी वाचून दाखवले. आचार्यांचा एका क्वेरीत आचारी झाला असता.

मग ६१ नावांची यादी छापली आणि ताईंना घेऊन बसलो. सहा वर्षांत पहिल्यांदा मी डेटाबेसमधली नावं नावं म्हणून वाचली. त्या मोठ्याने वाचायच्या, मी खूण करायचो. बोर्हाडे, चूक. आर्या, बरोबर. सूर्यकांत, बरोबर. बर्हाटे, चूक. अर्ध्या तासात साठ नावं संपली. एक उरलं : मोर्ये. ताई म्हणाल्या रफारच असणार, मला मोऱ्ये वाटत होतं. दोघांनी दोन-तीनदा उच्चारून बघितलं. उच्चारता उच्चारता दोन्ही बरोबर वाटायला लागलं.

ताईंनी फोन लावून स्पीकरवर टाकला. एक वयस्कर आवाज.

"काका, तुमच्या आडनावातला र कुठला? सूर्यातला की दऱ्यांतला?"

जरा वेळ शांतता. मग, "सूर्यातला. का हो, फॉर्ममध्ये काही चुकलं का माझं?"

"नाही काका, तुमचं बरोबर आहे."

"मग झालं तर," म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी यादीतल्या शेवटच्या नावापुढे खूण केली.