गच्चीवरचा गुरू आणि तापलेला स्लॅब

पुण्यातल्या आमच्या तीन मजली इमारतीच्या गच्चीवर मी आठ इंची डॉब्सोनियन, म्हणजे फिरत्या तळावर ठेवून हाताने वळवायच्या आरशाच्या दुर्बिणीतून ग्रहांची छायाचित्रे घेतो, आणि आजवर बरी आलेली माझी बहुतेक सगळी छायाचित्रे रात्री बारानंतरची आहेत. सुरुवातीला याचे श्रेय मी शहरातले दिवे कमी होण्याला देत असे. तो समज चुकीचा होता. गुरू आणि शनी इतके तेजस्वी आहेत की रस्त्यावरच्या दिव्यांनी त्यांचे काही बिघडत नाही. बिघडवतो तो गच्चीचा स्लॅब, जो दिवसभर ऊन पितो आणि मध्यरात्रीपर्यंत ती उष्णता दुर्बिणीच्या तोंडासमोरच वर सोडत राहतो. त्या थरथरत्या हवेतून पाहिलेला गुरू वाहत्या पाण्याच्या तळाशी पडलेल्या नाण्यासारखा दिसतो. एका उन्हाळ्यात मी रोज संध्याकाळी गच्चीवर बादलीभर पाणी ओतून पाहिले. त्याचा थोडा उपयोग झाला, परंतु खालच्या मजल्यावरच्या काकूंनी टाकी गळत असल्याची तक्रार केल्यावर तो प्रयोग थांबवावा लागला. आता मी दुर्बीण सूर्यास्तानंतर लगेच वर नेऊन ठेवतो, म्हणजे आरशाचे तापमान बाहेरच्या हवेइतके होते, आणि स्वतः जेवून, एक झोप काढून वर जातो.

ग्रहाचे छायाचित्र हे एक छायाचित्र नसतेच. दुर्बिणीचे नाभीय अंतर १२०० मिलिमीटर आहे, ते बार्लो भिंगाने दुप्पट होते आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरवर गुरू सुमारे १५० पिक्सेल रुंदीचा दिसतो. माझ्या दुर्बिणीला मोटार नसल्यामुळे पृथ्वीच्या फिरण्यामुळे तो जेमतेम अर्ध्या मिनिटात सेन्सरच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेला निघून जातो, मग दुर्बीण हाताने पुढे ढकलून पुन्हा वाट पाहायची. सेकंदाला शंभर फ्रेम या वेगाने अशा तीन फेऱ्यांत सात हजारांच्या आसपास फ्रेम मिळतात. त्यांतून हवा क्षणभर शांत असताना टिपल्या गेलेल्या सहाशे-सातशे फ्रेम ऑटोस्टॅकर्ट हे सॉफ्टवेअर निवडते आणि एकमेकींवर रचते. बाकीच्या टाकून द्यायच्या. फेऱ्या तीनच का, तर गुरू स्वतःभोवती ९ तास ५५ मिनिटांत फिरतो, आणि त्यामुळे त्याच्या बिंबाच्या मध्यावरचा एखादा ठिपका दोन मिनिटांत साधारण अर्धा विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) सरकतो. आठ इंची आरशाची बारकावे वेगळे दाखवण्याची क्षमताही जवळपास तेवढीच आहे, म्हणून दोन मिनिटांपेक्षा अधिक काळ चित्रण केले तर मोठा लाल डाग आपल्याच हाताने पुसट करून घेतल्यासारखे होते.

डिसेंबर २०२४ च्या प्रतियुतीच्या वेळी, म्हणजे पृथ्वीवरून पाहता तो सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला असताना, गुरू वृषभ राशीत होता आणि पुण्यातून मध्यरात्री जवळजवळ बरोबर डोक्यावर येत होता. डोक्यावरच्या ग्रहाचा प्रकाश हवेच्या सर्वांत पातळ थरातून येतो, त्यामुळे बिंबाच्या कडांना लाल-निळ्या रेषा दिसत नाहीत. अडचण अशी की डॉब्सोनियनला नेमका तोच भाग जमत नाही: नळी सरळ उभी असताना ग्रहाच्या मागे किंचित सरकायचे म्हटले तरी सगळा तळ गरकन फिरवावा लागतो. मी ग्रह माथ्यावर येण्याआधीचा आणि नंतरचा तास वापरतो आणि मधल्या वेळात चहा पितो.

शनीच्या बाबतीत मात्र माझी खरोखरच तक्रार आहे. गेल्या काही वर्षांत तो आमच्या आकाशात पन्नास अंशांहून वर चढत होता आणि युरोपातल्या हौशी छायाचित्रकारांना तो क्षितिजाजवळच्या धुरकटीत शोधावा लागत होता. परंतु त्याच्या प्रतियुती १४ ऑगस्ट २०२२, २७ ऑगस्ट २०२३ आणि ८ सप्टेंबर २०२४ अशा ऐन पावसाळ्यात आल्या. प्रतियुती दरवर्षी सुमारे तेरा दिवसांनी पुढे सरकते, म्हणून ती पावसाच्या तावडीतून सुटेपर्यंत मी धीर धरला, तर मार्च २०२५ मध्ये शनीची कडीच आपल्याकडे धार करून उभी राहिली, म्हणजे जवळजवळ दिसेनाशी झाली.

रचलेली प्रतिमा सुरुवातीला मऊ, धूसर असते आणि रजिस्टॅक्स या सॉफ्टवेअरमध्ये ती धारदार करता येते. मोह होतो तो इथे. सरकपट्टी थोडी आणखी सरकवली की गुरूच्या पट्ट्यांत झालरी उमटतात आणि मंगळाच्या तेजस्वी कडेच्या आत एक काळी रेघ दिसू लागते, जी मंगळावर नसते. दुसऱ्या दिवशी ताज्या नजरेने पाहिल्यावर मी जवळजवळ नेहमीच सरकपट्टी मागे आणतो. शंका असली की त्याच रात्रीच्या दोन स्वतंत्र चित्रणांची तुलना करतो आणि दोन्हींत दिसते तेवढेच खरे धरतो.

सूर्यग्रहणात ही दुसऱ्या चित्रणाची सोय नसते. २५ ऑक्टोबर २०२२ रोजी, लक्ष्मीपूजन आणि पाडवा यांच्या मधल्या भाकड दिवशी, पुण्यात खंडग्रास ग्रहण पाच वाजण्याच्या थोडे आधी सुरू झाले आणि सूर्य ग्रहण लागलेल्या स्थितीतच मावळला. डॉब्सोनियनचा फोकसर, म्हणजे कॅमेरा आत-बाहेर सरकवणारी नळी, डीएसएलआर कॅमेऱ्यासाठी पुरेसा आत जात नाही, म्हणून मित्राची ८० मिलिमीटरची भिंगाची दुर्बीण आणली होती. तिच्या पुढच्या तोंडावर सूर्यप्रकाशाचा एक लक्षांश भागच आत सोडणारी फिल्म घट्ट बसवली आणि छोट्या शोधक दुर्बिणीवर झाकण लावून वर चिकटपट्टीही मारली, कारण तिच्यातून चुकून डोकावणारे मूल ही माझी कायमची धास्ती आहे. सूर्याचा सुमारे पाव भाग झाकला गेला तेव्हा तो पश्चिमेच्या इमारतींवर टेकायला आला होता, आणि आदल्या रात्रीच्या फटाक्यांच्या धुरासकट शहराची सगळी तापलेली हवा मध्ये उभी होती. चंद्राची कडा सुरवंटासारखी वळवळत होती. त्या शेवटच्या वीस मिनिटांतल्या फ्रेम मी रचल्या नाहीत. एकेक तशाच ठेवल्या आहेत.

१८९८ च्या जानेवारीत पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी दादाभाई नेगमवाला खग्रास ग्रहणासाठी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला गेले होते. ऋतू आणि जागा, दोन्ही त्यांना चांगल्या लाभल्या. पुण्यातून दिसणारे पुढचे सूर्यग्रहण २ ऑगस्ट २०२७ रोजी, म्हणजे भर पावसाळ्यात आहे, आणि तेही खंडग्रासच. जुन्या फिल्मला सुईच्या टोकाएवढी भोके पडली आहेत का, हे मी मागच्या रविवारी ती दिव्यासमोर धरून पाहिले. दोन सापडली. नवी मागवली आहे.